ओल्या हातांचा कॅमेरा

आवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की माझं दुकान ओस पडतं. ओतूरच्या एसटी स्टँडमागे मी ब्लाउज शिवते. जुलैत भाताची रोपं वीतभर झाली आणि खाचरांत चिखलणी सुरू झाली, की डोंगराकडच्या बायकांना ब्लाउज सुचत नाही. यंदाही तेच चाललंय. पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांना तांबडा चिखल लागलेला असतो, छत्र्या दारात ठिबकत उभ्या असतात, आणि मी मशीनशी बसून त्या चिखलाचा वास घेत असते. कात्रीशेजारी माझा कॅमेरा चार्जिंगला लावलेला असतो. तुरळक एखादं गिऱ्हाईक येतं, ते मापाचं राहू दे बाजूला, आधी त्याच्याकडे बोट करतं. "फोन असताना हे कशाला गं?"

पूर्वी मी समजावून सांगायचे. आता म्हणते, "माझी मर्जी." बाईनं 'माझी मर्जी' म्हटलं की समोरच्याला पुढचा प्रश्नच सापडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

खरं कारण दोन वर्षांमागच्या आवणीत आहे. तो मोसम माझ्या डोक्यातून जात नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

माझं माहेर डिंगोऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. दहा-बारा घरांची वाडी, खाली पायऱ्यापायऱ्यांची खाचरं. आई मूळची आंबेगावच्या डोंगरातली, म्हणजे तिकडेही भात आणि इकडेही भात. लग्नाआधी बापाच्या खाचरात वाकली, लग्नानंतर सासऱ्याच्या. तिचे ब्लाउज मीच शिवते. शिवणारीला माणसाची पाठ माणसाआधी कळते. पाठ वाकायला लागली की मागचा भाग लांब कापावा लागतो आणि पुढचा आखूड, नाहीतर ब्लाउज मागून वर चढतो आणि पुढे झोळ पडतो. दर वर्षी दिवाळीला मी आईचं माप घ्यायचे आणि दर वर्षी मागची पट्टी थोडी वाढवायचे. तिला काही बोलायचे नाही. तीही विचारायची नाही, पण टेप पाठीवर फिरला की गप्प व्हायची.

त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला एका नातलगाच्या साखरपुड्याचं जेवण माळशेजच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात होतं. पावसाळ्यात तिथं शहरातल्या गाड्यांची रांग असते. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतभर मोठाले फोटो. धबधबा, धुकं, एक रानफूल, आणि मधोमध भातलावणी. चार बायका वाकलेल्या, तोंडं चिखलाकडे, पाठी कॅमेऱ्याकडे. फोटो देखणा होता, खोटं कशाला बोलू. पाणी चमकत होतं, हिरवा रंग तर खाऊन टाकावा असा. मी भजी तोंडात धरून पाहत होते आणि तिसऱ्या पाठीवर अडकले. जांभळ्या ब्लाउजला उजव्या खांद्याखाली ठिगळ. ते ठिगळ माझ्या हातचं. जांभळं कापड संपलं म्हणून मी तिथं वांगी रंगाचं लावलं होतं आणि आई म्हणाली होती, चिखलात कोन बघतंय.

फोटोखाली आईचं नाव नव्हतं. 'मातीची लेकरं' असं काहीतरी लिहिलं होतं. माझ्या आईची तीन लेकरं आहेत, दोन नातवंडं आहेत, आणि हे तिलाच लेकरू म्हणणार! मला भजी गोड लागली नाहीत.

माहेरी गेल्यावर आईला सांगितलं. तिला आठवलं. एका रविवारी बांधावर टोपीवाली माणसं उभी होती. तिनं वर पाहिलं तर त्यांतला एक म्हणाला, "आजी, वर बघू नका, काम चालू ठेवा." आईनं मान खाली घातली, कारण काम तसंही चालूच ठेवायचं होतं.

"तोंड दिसतंय का माजं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग मी कशावरनं?"

"ब्लाउज मी शिवलेला आहे, आई."

"मंग तुजाच फोटो म्हन की त्यो," ती म्हणाली आणि हसली. मग भाकरी थापता थापता मध्येच थांबली. "सुमे, माजा एक उभा फोटो काढ. पाठ हाय तवर."

मी आठवून पाहिलं. आईचे फोटो किती आहेत? आधारवरचा, नुसतं तोंड. मतदानाच्या ओळखपत्रावरचा, तेही नुसतं तोंड आणि तेही दुसऱ्या कुणाचं वाटावं असं. लग्नांतले, पण तिथं ती कायम खाली बसलेली, मांडीवर कुणाचं तरी पोर. पायापासून डोक्यापर्यंत उभी असलेली माझी आई एकाही फोटोत नव्हती. आणि पाठ तर माझ्या टेपच्या हिशेबानं चाललीच होती.

मी लगेच फोन काढला. ती म्हणाली, "आत्ता न्हाई. खाचरात. आवणीत."

"अगं, चांगलं लुगडं नेसून देवळापुढं काढू."

"देवळापुढं उभी राहून काय करू? मी काय देवळात काम केलंय? आन् फोनात नको. फोनातला फोटो गावभर हिंडतो."

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या वाडीत आवणी सावडीवर चालते. आज आमच्या खाचरात सगळ्या, उद्या शेजारणीच्या. आणि आवणी चालू असताना बांधावर आलेल्या माणसाला कोरड्या पायानं परत जाऊ देत नाहीत. पावणा असो, पोस्टमन असो, जावई असो, एक मूठ रोपं हातात घ्यायची, चिखलात उतरायचं, ती लावायची, मग काय बोलायचं ते बोलायचं. टोपीवाले तेवढे सुटतात, कारण ते हाक मारली तरी ऐकत नाहीत. मी तर माहेरवाशीण. मला कोण सोडतंय? म्हणजे आईचा फोटो काढायचा तर आधी मला ढोपरभर चिखलात उतरायला हवं, हात बरबटायला हवेत, आणि त्याच हातांनी फोटो काढायला हवा. फोनच्या काचेला ओलं बोट लावून पाहा. नको ते उघडतं, हवं ते उघडत नाही. आदल्या वर्षीचा माझा फोन तर त्याच खाचरात पडून गेला होता, आतल्या सगळ्या फोटोंसकट.

मला कॅमेरा हवा होता. बटणाचा. ओल्या हातानं चालणारा. कमरेच्या पिशवीत मावणारा. आणि मला परवडणारा.

नवरा म्हणाला, "येडी का काय? क्यामेरा कोन घेतं आता?" हा माणूस टेम्पोतून टोमॅटो वाहतो आणि जगातल्या सगळ्या यंत्रांवर त्याचं मत असतं. पुण्यात शिकणारी लेक म्हणाली, आई, त्यापेक्षा फोन बदल. भाऊ म्हणाला, शेवाळलेल्या घराला पत्रा घाल त्या पैशात. प्रत्येकाकडे माझ्या पैशाला माझ्यापेक्षा चांगली वाट होती. लग्नसराईतली शिलाई होती ती, रात्रंदिवस मान मोडून केलेली. मी सगळ्यांना सांगितलं, पत्र्याचं पुढच्या वर्षी बघू, आईची पाठ पुढच्या वर्षी थांबायची नाही.

मग मी टोमॅटोच्या क्रेटांच्या संगतीनं नारायणगावला गेले. नवरा बाजारात माल उतरवीपर्यंत मी कॅमेऱ्यांच्या दुकानात. दुकानदार माणूस गोड होता. त्यानं आधी खुर्ची दिली, मग मोठा काळा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. तान्ह्या पोराएवढं वजन.

"लग्नाच्या ऑर्डरी घेता का ताई?"

"नाही."

"मंग यूट्यूब?"

"नाही. रोजचे फोटो काढायचेत."

तो जरा गोंधळला. "रोजचं काय असतं ताई काढण्यासारखं?"

हा प्रश्न त्यानं वाईट मनानं विचारला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागला. खरंच काय असतं? खाचरातून वर आलेल्या पायांच्या बोटांमधल्या चिखल्या आणि त्यांना लावलेलं हळद-तेल. बांधावर बसून नाचणीच्या भाकरीवर कुर्डूची भाजी खाणारी माझी वहिनी, बोलत असतानाच तोंड भरून घास घेणारी. खताच्या पिशवीची खोळ डोक्यावरून घेऊन पावसात उभी राहिलेली बाई. याच गोष्टींसाठी शहरातून गाड्या भरभरून माणसं येतात आणि भिंतभर फोटो करून लावतात. आमचं रोजचं त्यांना रविवारी चालतं. मग आम्हाला आमचंच रोजचं काढायला काय हरकत आहे? हे सगळं मी दुकानदाराला बोलले नाही. "असतं," एवढंच म्हणाले.

मोठा कॅमेरा मी परत दिला. तो चिखलात नेणं म्हणजे नवी नवरी नाल्यावरून नेणं, जीव त्याच्याकडेच राहणार. मग त्यानं मोटरसायकलवाले डोक्यावर लावतात तो इवलासा दाखवला. पाण्याला भीत नव्हता, पडला तरी फुटत नव्हता, मी जवळजवळ घेतलाच होता. सहज त्यातून दुकानाच्या दाराचा फोटो काढून पाहिला, तर दाराची चौकट दोन्ही बाजूंनी कमानीसारखी वाकलेली.

"एवढं कोन बघतंय ताई?" तो म्हणाला.

"मी बघते." आईचा उभा फोटो काढायला निघालेली मी सरळ चौकट वाकवणारा कॅमेरा कसा घेणार?

सगळ्यात स्वस्त जो होता तो, शेवटी माझ्या हट्टापुढं हार मानून लेकीनं फोनवर पाठवलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रासारखाच होता. खोक्यावर आकडे मोठमोठे आणि हातात घेतला तर टिकलीच्या पाकिटाएवढा हलका. घरात ठीक, पण ढगाळ उजेडात त्यातून काढलेला फोटो पाहिला तर ताकासारखा. परवडणं म्हणजे स्वस्त असणं नव्हे, एवढं शिवणकामानं मला शिकवलंय. स्वस्त अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या चांगल्या कापडाचीही वाट लावतं.

शेवटी दुकानदारानंच सांगितलं की वारूळवाडीतल्या त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा पडून आहे. कुठल्याशा समुद्रावरच्या सहलीसाठी घेतलेला, मग कपाटात. ते दुकानातच घेऊन आले. निळ्या रंगाचा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. बटणं मोठी. स्क्रीनवर ओरखडे. झूम थोडकाच. मला काही डोंगरावरून फोटो काढायचे नव्हते, मी चिखलात समोरच उभी असणार होते. कॅमेऱ्याच्या बॅटरीचं दार उघडून मी आतलं रबर बोटानं चाचपलं. कुकरचं रबर गेलं की वाफ निसटते, तसंच हे गेलं तर पाणी आत येणार. रबर मऊ होतं, चीर नव्हती.

"भाऊ, एक बादली पाणी मिळंल का?" मी विचारलं.

"कशाला?"

"कळेल."

पाणी आलं. मी दार घट्ट लावून कॅमेरा बादलीत सोडला. कपाटवाले गृहस्थ खुर्चीतून उठले. दुकानदार म्हणाला, "अवो ताई, अवो ताई, काय करता!" बाजार आटोपून आलेला माझा नवरा दारात उभा होता, त्यानं डोळेच मिटून घेतले. मी पाण्यातच हात घालून बटण दाबलं, मग कॅमेरा वर काढून पदराला पुसला. बादलीत वाकून पाहणाऱ्या त्या दोघांचे चेहरे स्क्रीनवर स्पष्ट आले होते. मी म्हणाले, हाच घेते.

त्या आठवड्यात मी त्याला जाड कापडाची पिशवी शिवली, कमरेला बांधायची. आणि वर वाडीत गेले. पाऊस एकसारखा पडत होता, समोरचा डोंगर ढगात बुडालेला. आमच्या खालच्या खाचरात सावडीच्या बायका ओळीनं वाकलेल्या होत्या. मी बांधावर पोचले तोच वहिनीनं आवाज दिला, "आत्याबाई, कोरड्या पायानं कुटं निगाल्या? आदी मूठ लावा!" लावली. एक नाही, चांगल्या पाच-सहा मुठी लावल्या. पायाखालून गार चिखल बोटांत शिरला, कंबर लागलीच बोलायला लागली. इतक्यातच? या सगळ्या दिवसभर अशाच असतात.

मग मी सरळ झाले आणि बरबटल्या हातांनी कॅमेरा काढला. मी काही न बोलताच ओळीतल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. हात धुतले, खोळी मागे सारल्या, कपाळावरचे केस नीट केले. मला एकदा वाटून गेलं की काम करतानाचेच फोटो जास्त जिवंत येतील. पण हेच तर तो टोपीवालाही म्हणाला होता. मग त्या उभ्या होत्या तशाच मी त्यांचे फोटो काढले. सगळ्या जणी लेन्सकडे अशा बघत होत्या की, आता बघ तू आमच्याकडे.

आई ओळीच्या टोकाला होती. ती शेवटी उठली. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा. मग हात कमरेवर आले. मग थोडं थांबून तिनं पाठ वर ओढायला घेतली. तोंड घट्ट मिटलेलं. मी कॅमेरा धरून उभी, लेन्सवर पावसाचे थेंब, ते पुसायला माझ्या अंगावर कोरडं असं काही नव्हतं. मला वाटत होतं धावत जाऊन तिला आधार द्यावा. पण मग तो उभा फोटो झाला नसता.

"झाली का सरळ?" तिनं विचारलं.

मी आयुष्यभर तिचं माप घेताना काही बोलले नव्हते. आता तिनं तोंडानं विचारलं होतं.

"नाही आई," मी म्हणाले. "थोडी राहिली."

तिनं आणखी एकदा ओढून पाहिलं. मग श्वास सोडला. चेहऱ्यावरचा ताण गेला, हात कमरेवरच राहिले आणि हनुवटी वर आली. "न्हाई येत आता याच्या म्होरं," ती म्हणाली. "मंग हेच सरळ. काढ."

मी काढला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्या भिंतीवरच्या फोटोचा, टेपचा, पावसाचा, सगळ्याचा. फोटो मात्र हलला नाही.

फोटो मोठा करून घ्यायला मी पुन्हा नारायणगावात गेले, या वेळी छपाईच्या दुकानात. तिथला माणूस कॉम्प्युटरवर आई उघडून बसला. "ताई, पाठ जरा वाकल्याली दिसतीय. दोन मिनिटांत सरळ करून देतो. चिखल पन काढून टाकतो, मागं बगीचा लावू का?" त्यानं माऊस हलवला आणि आईची पाठ खरंच हळूहळू सरळ व्हायला लागली. मी पाहतच राहिले. जे तिला जमलं नव्हतं ते त्यानं बसल्या जागी केलं होतं. क्षणभर मोह झाला, हे नाकारत नाही. मग त्या सरळ बाईकडे नीट पाहिलं. ती बाई कधी आवणीला गेलेली नव्हती. "होती तशी कर," मी ओरडलेच. "एक केस इकडचा तिकडं करायचा नाही." तो म्हणाला, बाकीचे लोक तर स्वतःहून सांगतात. मी म्हणाले, त्यांची आई त्यांची, माझी माझी.

फ्रेम घेऊन वाडीत पोचले तेव्हा दिवस कलायला आला होता. आईनं फोटो दोन्ही हातांत धरला, दाराच्या उजेडात नेला, बराच वेळ पाहिला. पायापासून वर गेली, परत खाली आली. "चिखल चांगला आलाय," ती म्हणाली. मग भावाला म्हणाली, "खिळा ठोक. भिताडाला लाव."

भाऊ चपापला. आमच्याकडे भिंतीवर मोठ्या फ्रेमीत एकटं माणूस लागतं ते गेल्यावरच. आमच्या भिंतीला आजा होता, आजी होती, बाबा होते. "आये, जित्या मानसाचा फोटो असा लावत्यात व्हय?" तो म्हणाला. "उद्या कुनी पावणं आलं, तर हार घालंल की याला!"

आई खाटेवर बसून पायांच्या बोटांना तेल लावत होती. तिनं मानही वर केली नाही.

"घालू दे. त्याला म्हनावं, बाई आवणीला गेलीय. सांजच्याला येईल, तवा घाल तिच्याच गळ्यात."